पेनड्राइव्हमधला तलाठी

पेनड्राइव्ह चालेनासा झाला की माणूस पहिल्यांदा त्याच्या तोंडावर फुंकर मारतो. मग तो सदऱ्याला पुसतो, संगणकाच्या दुसऱ्या खाचेत घालून बघतो, शेजाऱ्याच्या संगणकाला लावून बघतो. तरीही पडद्यावर ‘कृपया डिस्क घाला’ अशा अर्थाची पाटी येतच राहिली, की वैतागून म्हणतो, ‘अहो, घातलीय की!’ आपल्याला वाटतं, यंत्र खोटं बोलतंय. ते खोटं बोलत नसतं. पेनड्राइव्ह जोडलाय एवढं संगणकाला कळलेलं असतं. त्याच्या पोटातली साठवणीची जागा मात्र त्याला कुणी दाखवलेली नसते. ती दाखवायचं काम ज्याच्याकडे आहे, तो आतच बसलेला असतो आणि त्याचं दप्तर हरवलेलं असतं.

आज बोलायचं आहे ते या आतल्या गृहस्थाविषयी, तो तिथे कसा आला याविषयी आणि त्याचं दप्तर पुन्हा लिहून देणाऱ्या कारखान्यातल्या हत्यारांविषयी. ही हत्यारं आता दुरुस्ती करणाऱ्यांच्या सर्रास हाती आहेत. ‘पेनड्राइव्ह दुरुस्त करून देतो’ असं कुणी म्हटलं, तर त्या वाक्याचे दोन अगदी वेगळे अर्थ होतात. ते ज्याला ठाऊक नसतात त्याचं कधीकधी फार नुकसान होतं.

गोष्ट सुरू होते जपानमध्ये. वीज गेली तरी लिहिलेलं टिकवणारी मेमरी १९७० च्या दशकात होती, पण तिचे नखरे फार. एका जातीच्या चिपला वर काचेची खिडकी असे आणि आतलं पुसायला ती अतिनील दिव्याखाली पंधरा-वीस मिनिटं ठेवावी लागे. दुसरी जात विजेनंच पुसली जाई, एकेक अक्षर निवडून पुसता येई. पण त्या सोयीसाठी प्रत्येक घरात जादा ट्रान्झिस्टर लागे आणि किंमत परवडत नसे. तोशिबा कंपनीतले अभियंते फुजिओ मासुओका यांनी वेगळा सौदा केला. एकेक अक्षर पुसण्याची चैनच सोडून द्यायची, एक अख्खा खण एका झटक्यात पुसायचा आणि त्या बदल्यात मेमरी स्वस्त करायची. १९८४ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या एका परिषदेत त्यांनी हे काम मांडलं. पुसण्याचा तो झटका पाहून शोजी आरिइझुमी या सहकाऱ्याला कॅमेऱ्याच्या फ्लॅशची आठवण झाली, म्हणून नाव पडलं ‘फ्लॅश’. १९८७ साली मासुओकांनी त्याच घराण्यातली नॅण्ड नावाची आणखी दाटीवाटीची रचना पुढे आणली. आपल्या पेनड्राइव्हमध्ये असते ती हीच.

कंपनीनं त्यांचं कौतुक बेताचंच केलं. १९९४ साली ते नोकरी सोडून तोहोकू विद्यापीठात प्राध्यापक झाले. २००४ साली त्यांनी तोशिबावर १०० कोटी येनचा दावा लावला आणि २००६ साली ८ कोटी ७० लाख येनवर तडजोड झाली. जगभरच्या खिशांत जाऊन बसलेल्या शोधाचा हा मोबदला मला तरी तोकडाच वाटतो.

पण मासुओकांच्या सौद्यात एक मेख होती. खण पुसायचा तर अख्खाच पुसावा लागतो. पाटीवर एक अक्षर चुकलं म्हणून सगळी पाटी पुसून पुन्हा लिहायची, तसला हा प्रकार. शिवाय पुसण्यालाही मर्यादा आहे. एका घरात एकच बिट ठेवणारी जुनी महाग मेमरी साधारण एक लाख वेळा पुसणं सोसायची. एका घरात तीन-तीन बिटं कोंबणारी स्वस्त मेमरी हजाराच्या आसपास दमते. आणि सगळ्यांत गमतीची बाब म्हणजे ही मेमरी जन्मतःच थोडी सदोष असते. एका नावाजलेल्या चिपच्या माहितीपत्रकात १,०२४ खणांपैकी किमान १,००४ चांगले असतील, एवढीच हमी आहे. उरलेले वीस खराब निघाले तर तक्रार करायची सोय नाही. खराब खणावर कारखान्यातच खूण केलेली असते. तो वापरायचा नाही, एवढं पाळायचं.

आता सांगा, अशा जमिनीचा कारभार कोण बघणार? संगणकाला वाटतं, आपल्यापुढे एक सलग पट्टा आहे, एक नंबरपासून शेवटच्या नंबरापर्यंत. प्रत्यक्षात काही तुकडे पडीक, काही झिजलेले, आणि लिहिलेल्यावर पुन्हा लिहायला बंदी. म्हणून मध्ये एक तलाठी बसवावा लागला. ही युक्ती इस्रायलच्या एम-सिस्टिम्स कंपनीतल्या अमीर बान यांची. पेटंटचा अर्ज १९९३ चा, मंजुरी १९९५ ची. संगणकानं ‘१०० नंबरच्या जागी हे लिही’ म्हटलं की हा तलाठी मजकूर भलत्याच रिकाम्या खणात लिहितो आणि आपल्या वहीत नोंद करतो की, आजपासून १०० नंबर म्हणजे अमुक खण. जुना खण मागाहून सवडीनं पुसतो. सगळ्या खणांची झीज सारखी व्हावी म्हणून लिखाण फिरवत राहतो आणि एखादा खण निकामी झाला तर राखीव जमिनीतला एक त्याच्या नावावर चढवतो. (हेच बान ‘ज्युनियर’ या बुद्धिबळ खेळणाऱ्या आज्ञावलीचे एक जनक. २००३ साली न्यूयॉर्कमध्ये तिनं गॅरी कास्पारोव्हला सहा डावांच्या सामन्यात ३-३ असं बरोबरीत रोखलं होतं.)

ती वही म्हणजे पेनड्राइव्हचा सातबारा. पीक शेतात डोलत असलं तरी सातबारा गहाळ झाला की शेत कुणाचं हे सांगता येत नाही. मजकूर चिपमध्ये जसाच्या तसा असतो, पण कुठला तुकडा कुठे जोडायचा हे सांगणारा कागद नसतो.

हे सगळं आपल्या किल्ल्यांच्या जुडग्यात येऊन बसायला आणखी एक गोष्ट हवी होती, ती म्हणजे यूएसबी. इंटेलमध्ये हे काम करणाऱ्या चमूचे म्होरके अजय भट्ट. त्यांची अभियांत्रिकीची पदवी बडोद्याची, सयाजीराव महाराजांच्या नावानं चालणाऱ्या विद्यापीठाची. यूएसबीची पहिली आवृत्ती जानेवारी १९९६ मध्ये आली. हा प्लग पहिल्या खेपेला सरळ बसत नाही, हा सगळ्यांचाच अनुभव. दोन्हीकडून बसणारा केला असता तर तारा दुप्पट लागल्या असत्या आणि खर्च वाढला असता, असं भट्ट यांनीच पुढे सांगितलं. इथेही पुन्हा स्वस्ताईचा सौदा!

मेमरी, तलाठी आणि प्लग या तिघांची मोट पहिल्यांदा कुणी बांधली, यावर भांडणं झाली, कोर्टकज्जे झाले. एम-सिस्टिम्सनं १९९९ साली पेटंटचा अर्ज केला. सिंगापूरच्या ट्रेक कंपनीनं २००० साली ‘थम्बड्राइव्ह’ बाजारात आणला, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस आयबीएमनं एम-सिस्टिम्सचा ८ मेगाबाइटचा ड्राइव्ह विकायला काढला. आठ मेगाबाइट म्हणजे जेमतेम साडेपाच फ्लॉप्या. तरी लोकांना तो जादूचा वाटला, कारण फ्लॉपी दमट हवेत बुरशी धरायची आणि ऐन वेळी दगा द्यायची.

दुरुस्तीच्या दृष्टीनं मला महत्त्वाची वाटते ती यानंतरची घडामोड. तैवानमध्ये शिकायला आलेल्या पुआ खेन-सेंग या मलेशियन तरुणानं मित्रांबरोबर २००० साली फायसन नावाची कंपनी काढली आणि पुढच्याच वर्षी तलाठ्याचं सगळं काम एका चिपमध्ये बसवलं. या चिपला म्हणतात कंट्रोलर. अशा चिप करणाऱ्या इतरही कंपन्या निघाल्या: सिलिकॉन मोशन, आल्कोर, चिप्सबँक. मग पेनड्राइव्ह करणं म्हणजे एक कंट्रोलर, एक मेमरी, एक स्फटिक आणि एक प्लग एका पट्टीवर डाखणं, एवढंच उरलं. कुठलाही छोटा कारखाना ते करू लागला.

पण डाखलेली पट्टी म्हणजे पेनड्राइव्ह नव्हे. कोरा कंट्रोलर कोऱ्या मेमरीला ओळखत नाही. मेमरी कोणत्या जातीची, पडीक खण कोणते, जागा एकूण किती सांगायची, हे सगळं त्याला एकदा शिकवावं लागतं. त्याचं फर्मवेअर, म्हणजे त्यानं कसं वागायचं ते सांगणारी आज्ञावली, हीही पुष्कळदा त्या मेमरीच्याच एका कोपऱ्यात लिहून ठेवतात. हे काम करणारी आज्ञावली कंट्रोलरच्या कंपन्या आपल्या गिऱ्हाईक कारखान्यांना देत. तिला म्हणतात ‘मास प्रॉडक्शन टूल’. तिचा पडदा पाहिला की ती आपल्यासाठी केलेली नाही हे लगेच कळतं. एका वेळी आठ किंवा सोळा ड्राइव्ह लावायचे चौकोन, त्याखाली ‘सुरू’चं बटण, काम जमलं तर हिरवा रंग, नाही तर लाल रंग आणि एक आकडा. कामगारानं हिरवे एका पेटीत टाकायचे, लाल दुसऱ्या.

ही हत्यारं कारखान्याबाहेर पडायची नव्हती, पण पडली. २००० च्या दशकात चिनी आणि रशियन हौशी मंडळींनी ती जमवली, आवृत्तीवार लावून ठेवली, कुठल्या कंट्रोलरला कुठली चालते याच्या याद्या केल्या. आणि मेलेले म्हणून टाकलेले पेनड्राइव्ह पुन्हा उठू लागले.

कारण ते मेलेलेच नव्हते. पेनड्राइव्हला वीज मिळाली की कंट्रोलर आधी मेमरीच्या त्या कोपऱ्यात जाऊन आपलं फर्मवेअर शोधतो. लिहिणं चालू असताना कुणी ड्राइव्ह उपटला, वीज गेली, किंवा नेमका तोच खण झिजला, तर फर्मवेअर किंवा वही अर्धवट राहते. मग कंट्रोलरजवळ उरतं ते त्याच्या अंगात जन्मतः कोरलेलं थोडंसं शहाणपण. तेवढ्यावर तो संगणकाला आपलं कंपनीचं नाव सांगू शकतो, पण ‘जागा किती?’ या प्रश्नावर ‘शून्य’ म्हणतो. तीच ती ‘डिस्क घाला’ची पाटी.

दुरुस्तीची सुरुवात ओळख पटवण्यापासून होते, आणि खरं कसब इथेच आहे. वरच्या छापावर विश्वास ठेवून चालत नाही. एकाच नावाच्या, एकाच रंगाच्या दोन ड्राइव्हमध्ये दोन वेगळे कंट्रोलर निघतात, कारण कारखाना त्या महिन्यात जे स्वस्त मिळेल ते घेतो. संगणकाला जोडल्यावर ड्राइव्ह दोन सांकेतिक क्रमांक सांगतो, एक कंपनीचा, एक वस्तूचा. ‘चिपजीनियस’सारखी चिनी आज्ञावली ते वाचून आतल्या कंट्रोलरचा अंदाज देते. पण क्रमांकही बदलता येत असल्यानं मी कवच उघडून भिंगाखाली चिपवरची अक्षरं वाचणं पसंत करतो. मग त्या कंट्रोलरचं हत्यार शोधायचं, तेही नेमक्या आवृत्तीचं. जुनी आवृत्ती नव्या मेमरीला ओळखत नाही आणि नवीन आवृत्तीनं जुन्या मेमऱ्यांची नावं गाळलेली असतात.

कधीकधी कंट्रोलर अर्धवट शुद्धीत असतो, ना धड चालतो ना हत्याराला दाद देतो. अशा वेळी दुरुस्ती करणारे एक अघोरी उपाय करतात. ४८ पायांच्या मेमरी चिपचे २९ आणि ३० क्रमांकाचे पाय सुईच्या टोकानं क्षणभर जोडायचे आणि तसंच धरून ड्राइव्ह संगणकात घालायचा. त्या दोन तारांवरून येणारी माहिती गढूळ झाली की कंट्रोलरला मेमरी दिसत नाही, आणि तो निमूटपणे त्या जन्मजात शहाणपणावर येऊन थांबतो. मग सुई काढायची आणि हत्यार चालवायचं. चुकीचे पाय जोडले तर चिप जळते, हे निराळं सांगायला नको.

‘सुरू’चं बटण दाबल्यावर जे होतं ते नीट समजून घ्या. हत्यार मेमरीतला प्रत्येक खण पुसतं, त्यावर लिहून बघतं, वाचून बघतं. जे खण टिकले नाहीत त्यांची पडीक म्हणून नवी यादी करतं, नवं फर्मवेअर लिहितं आणि तलाठ्याला नवी कोरी वही देतं. पंधरा मिनिटांपासून काही तासांपर्यंत वेळ लागतो. शेवटी हिरवा रंग आला की ड्राइव्ह जिवंत. फार तर आठ गिगाबाइटचा सात होतो, कारण पडीक जमीन वाढलेली असते. पण जुन्या मजकुरावर नांगर फिरलेला असतो. एरवी संगणकातून आपण झटपट ‘फॉरमॅट’ करतो तेव्हा फक्त अनुक्रमणिका जाते, मजकूर पुष्कळदा मागे उरतो आणि परत मिळवता येतो. इथे खणातली विजेची साठवणच काढून टाकलेली असते. त्यानंतर परत आणण्याजोगं काही उरत नाही.

माझ्या ओळखीच्या एका निवृत्त मुख्याध्यापकांनी गावच्या ग्रंथालयाच्या शतकमहोत्सवी स्मरणिकेचं काम दोन वर्षं केलं. घरोघर फिरून जुने फोटो स्कॅन केले, जुन्या सभासदांच्या आठवणी ध्वनिमुद्रित केल्या. सगळं एका आठ गिगाबाइटच्या पेनड्राइव्हवर. तो एके दिवशी शून्य दाखवू लागला. त्यांनी तो तालुक्याच्या एका दुकानात दिला आणि म्हणाले, ‘एवढा दुरुस्त करून द्या.’ दुकानदारानं प्रामाणिकपणे तेच केलं. दोन दिवसांनी ड्राइव्ह परत दिला, पैसेही माफक घेतले. सर तो माझ्याकडे घेऊन आले ते, ‘आता उघडतोय, पण आत काही दिसत नाही, तेवढं दिसतं करा’ म्हणून. फोटो पुन्हा गोळा करता आले. मुलाखती दिलेल्यांपैकी दोघे मात्र तोवर वारले होते.

दुकानदाराला दोष द्यायला मी धजत नाही. त्याला वस्तू दुरुस्त करायला सांगितली होती, त्यानं ती केली. त्यानं एक प्रश्न मात्र विचारायला हवा होता: ‘सर, ड्राइव्ह हवा की आतलं?’ ड्राइव्ह हवा असेल तर नवा काही शे रुपयांत मिळतो. आतलं हवं असेल तर वाटच वेगळी. त्या वाटेवर कारखान्याच्या हत्याराला हात लावायचा नसतो. मेमरीची चिप गरम हवेनं पट्टीवरून उतरवतात आणि वेगळ्या वाचकात बसवून तिच्यातलं जसंच्या तसं उतरवून घेतात. रशियातल्या रोस्तोव्ह शहरात सुरू झालेल्या एस लॅब कंपनीची ‘पीसी-३०००’ ही साधनं याच कामाची आहेत. पण उतरवून घेतलेलं लगेच वाचता येत नाही. कंट्रोलर मजकूर लिहिण्याआधी तो ठरावीक पद्धतीनं विस्कटतो, चुका दुरुस्त करण्याचे आकडे त्यात मिसळतो, आणि खणांची उलटापालट तर आपण पाहिलीच. ही सगळी वीण उसवून हरवलेली वही पुन्हा लिहायची. काम महागडं आणि चिकाटीचं, यशाची खात्री नाही. पण निदान शक्यता असते.

आणखी एका दुखण्याचा उल्लेख करतो, कारण त्यावर लोक हकनाक वेळ घालवतात. ड्राइव्ह उघडतो, फायली दिसतात, पण नवं लिहू देत नाही, पुसू देत नाही. लोक संगणकाच्या सेटिंगमध्ये खटपटी करत बसतात. पुष्कळदा तो तलाठ्याचा स्वतःचा निर्णय असतो. राखीव जमीन संपली, आता लिहू दिलं तर असलेलं बिघडेल, म्हणून त्यानं कचेरीला कुलूप लावलेलं असतं. अशा वेळी आतलं सगळं दुसरीकडे उतरवून घ्यावं. कारखान्याच्या हत्यारानं कुलूप निघतं, पण मागची झिजलेली मेमरी तीच राहते. अशा ड्राइव्हवर पुन्हा महत्त्वाचं काही ठेवणं मला शहाणपणाचं वाटत नाही.

जे हत्यार पडीक जमीन वगळून खरी जागा सांगायला शिकवतं, तेच खोटी सांगायलाही शिकवतं. चार गिगाबाइटच्या ड्राइव्हला ‘चौसष्ट म्हण’ असं पढवून विकणाऱ्यांनी याच आज्ञावल्या वापरल्या. गिऱ्हाईक फायली भरत जातो, नावं सगळी दिसतात, चार गिगाबाइटच्या पलीकडलं मात्र कुठेच लिहिलेलं नसतं. याच्या बंदोबस्तासाठी हाराल्ड ब्योगेहोल्त्स या जर्मन गृहस्थांनी ‘एचटूटेस्टडब्ल्यू’ ही छोटी आज्ञावली लिहिली. ती ड्राइव्ह काठोकाठ भरते आणि भरलेलं परत वाचून बघते, बस्स. नवा ड्राइव्ह घेतला की मी आधी ही चाचणी करतो. आणि लबाडाकडून घेतलेल्या ड्राइव्हला कारखान्याच्या हत्यारानं पुन्हा खरं बोलायला लावता येतं. चौसष्टचा चार होतो, पण चार तरी खरा.

याहून गंभीर गोष्ट ऑगस्ट २०१४ मध्ये उजेडात आली. कार्स्टन नोल आणि याकोब लेल या बर्लिनच्या दोन संशोधकांनी लास व्हेगासच्या ‘ब्लॅक हॅट’ परिषदेत दाखवलं की, कंट्रोलर आपल्याला मिळणारं फर्मवेअर अस्सल आहे की नाही हे तपासतच नाही. फायसनचा एक कंट्रोलर घेऊन त्यांनी त्यात स्वतःचं फर्मवेअर घातलं. मग तो पेनड्राइव्ह संगणकाला सांगू लागला, ‘मी कळफलक आहे’, आणि आपणहून आज्ञा टंकू लागला. तलाठीच फितूर! विषाणू शोधणारं सॉफ्टवेअर फायली तपासतं. तलाठ्याच्या मनात काय आहे ते त्याला दिसत नाही. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ॲडम कॉडिल आणि ब्रँडन विल्सन या अमेरिकनांनी अशाच कामाची आज्ञावली सर्वांना खुली करून टाकली. रस्त्यात सापडलेला पेनड्राइव्ह कुतूहलानं जोडून बघू नये, असं जे सांगतात ते यामुळे. दुरुस्तीची हत्यारंही अशीच हातोहात फिरून आलेली असतात, त्यांच्यात काय मिसळलंय सांगता येत नाही. म्हणून ती चालवायला मी इंटरनेट नसलेला एक जुना संगणक वेगळा ठेवलाय.

आता सुईचा उपाय हळूहळू अवघड होत चालला आहे. हल्लीच्या पुष्कळशा इवल्या ड्राइव्हमध्ये कंट्रोलर आणि मेमरी वेगळ्या चिप नसतातच. दोन्ही मिळून एकच काळी वडी, तिच्याच एका टोकाला प्लगच्या सोनेरी पट्ट्या. कवच उघडलं तरी आत पाय नाहीत. मेमरीपर्यंत पोचायचे ठिपके लाखेसारख्या थराखाली दडवलेले असतात. तो थर भिंगाखाली खरवडून, केसाएवढ्या तारा एकेका ठिपक्याला डाखून मजकूर बाहेर काढणारे कारागीर आहेत. एका वडीला अशा वीसेक तारा लागतात, आणि कुठला ठिपका कशाचा याचा नकाशा कंपनी देत नाही. तो कारागिरांनीच एकेक वडी तपासून तयार केलेला असतो.